आजोबांची श्रद्धा, संसार आणि सेवा: स्मरणपुस्तिका करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

कोरी_वही

नमस्कार. आजोबांच्या आयुष्याची एक पुस्तिका करायची आहे. ए-५ आकार, ४८ पानांच्या आसपास, छापील, सोबत डिजिटल प्रत. विक्रीसाठी नाही. नात्यातल्या आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या माणसांना द्यायची आहे.

हाताशी असलेलं साहित्य: प्रार्थनांची त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलेली वही (शाई फिकी, काही पानं सुटलेली), चिकट पानांचे दोन अल्बम, काचेला चिकटलेले काही फोटो, पत्रं, त्यांचा आवाज असलेल्या कॅसेट, आणि सेवाकार्याच्या नोंदवह्या. त्यांना ओळखणारी वयस्कर माणसं आहेत, पण विखुरलेली.

आधी काय हाती घ्यावं? स्कॅन किती रिझोल्यूशनने करावं? कॅसेटमधला आवाज कसा उतरवावा? आणि लिहायला बसल्यावर सगळ्यांकडून "प्रेमळ, श्रद्धाळू, सेवाभावी" हेच तीन शब्द येतात, त्याचं काय करावं?

---

ऐकणारा_कान

स्कॅनर नंतर. आधी माणसं गाठा. नीट ठेवलेले कागद आणखी सहा महिने थांबतात, ऐंशी-नव्वदीतल्या माणसाच्या आठवणींचं तसं सांगता येत नाही.

आजोबांना ओळखणाऱ्यांची यादी करा आणि ती वयानुसार लावा, नात्यानुसार नको. भावंडं, आजीच्या माहेरची माणसं, शेजारी, कामावरचे सहकारी, प्रार्थनेला सोबत बसणारे, आणि ज्यांच्यासाठी त्यांनी काही केलं ते, असे सहा गट धरा. बहुतेक घरं भावंडांपाशी आणि मुलांपाशी थांबतात. मग पुस्तिकेत फक्त घरातले आजोबा येतात, उंबऱ्याबाहेरचे राहून जातात.

एका बैठकीला ६० ते ९० मिनिटं पुरेत. त्यापुढे वयस्कर माणूस थकतो आणि लवकर संपावं म्हणून उत्तरं लहान करतो. शक्यतो एकेकट्याला भेटा. चारजण एकत्र बसले की सगळ्यात मोठ्या आवाजाची आठवण खरी ठरते आणि बाकीचे मान डोलावतात. एकेकट्याच्या बैठका झाल्यावर सगळ्यांना एकत्र आणून फोटो दाखवायला मात्र हरकत नाही. तिथे एकाच्या बोलण्यावरून दुसऱ्याला आठवतं.

तुमच्या "तीन शब्दां"चा प्रश्न खरा इथेच सुटतो, लिहिताना नाही. "आजोबा कसे होते?" असं विचारलं की "देवमाणूस होते" हे उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. उत्तर मनापासूनचं असतं, पण त्यातून लिहायला काही हाती लागत नाही. त्याऐवजी वेळ, जागा आणि वस्तू विचारा:

श्रद्धेबद्दल: किती वाजता उठायचे? प्रार्थनेला कुठे बसायचे, तोंड कुठल्या दिशेला? मोठ्याने म्हणायचे की मनात? वही समोर असायची की पाठ होतं? मधेच कोणी दारात आलं तर उठायचे का? हे कोणाकडून शिकले? खंड कधी पडला, कशामुळे, आणि पुन्हा कसं सुरू झालं? मुलांना जबरदस्तीने बसवायचे का?

सेवेबद्दल: आठवड्यातून किती वेळा, कुठल्या वारी? सोबत कोण असायचं? खर्च कुठून व्हायचा, हिशोब कोण ठेवायचं? कोणाला कधी नाही म्हणाले? वय झाल्यावर ते काम कोणाकडे दिलं?

संसाराबद्दल: पगार किंवा कमाई कोणाच्या हातात द्यायचे? रागावले की काय करायचे? ते बाहेर असताना घरचं कोण बघायचं? हा शेवटचा प्रश्न अजिबात सोडू नका. जन्मभर सेवा करणाऱ्या माणसाच्या मागे घरात कोणीतरी त्याच्या वाटची कामं उचललेली असतात. बहुतेक वेळा ती आजीने उचललेली असतात आणि तिला त्याबद्दल कोणी विचारलेलं नसतं.

रेकॉर्डिंगसाठी फोन पुरतो. विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून ३० ते ५० सेंटिमीटरवर घडी केलेल्या कापडावर ठेवा (नुसत्या टेबलावर ठेवलात तर बोटांचा प्रत्येक ठोका येतो), पंखा बंद करा. एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोनने ऐकून बघा, मगच सुरू करा. दुसरं उपकरण सोबत चालू ठेवा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं बोलून घ्या.

फोटो दाखवताना प्रत्येकाला आधी क्रमांक द्या आणि तो मोठ्याने उच्चारा: "फोटो २७, मागची रांग, डावीकडून तिसरे." नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हा बघ, हा इथला" एवढंच उरतं.

उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पाच-सहा सेकंद गप्प राहा. पुष्कळदा महत्त्वाचं त्यानंतर येतं. सांगणाऱ्याचं साल चुकतंय असं वाटलं तर मधे टोकू नका, टिपून ठेवा. एकदा टोकलं की पुढे माणूस जपून बोलतो.

एका तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला चार ते सहा तास लागतात. यंत्राकडून कच्चा मसुदा करून घेतलात तरी नावं आणि बोलीतले शब्द हमखास चुकतात, तेव्हा कानाने तपासावंच लागतं. तेवढा वेळ नसेल तर निदान दर दोन-तीन मिनिटांना एक ओळ अशी सूची करा: "१४:३०, दुष्काळाचं वर्ष, धान्यवाटप." आणि कोणी "हे छापू नको" म्हणालं तर ती वेळ त्याच सूचीत लिहून ठेवा, महिन्यानंतर आठवत नाही.

---

जपणूक

कागद आणि फोटोंबद्दल सांगते.

कशालाही हात लावण्याआधी अल्बमचं प्रत्येक पान आहे तसं, पूर्ण, फोनने टिपून ठेवा. फोटोंचा क्रम आणि बाजूला लिहिलेली दोन अक्षरं हीसुद्धा माहिती आहे, आणि फोटो सुटे झाले की ती कायमची जाते. कागद हाताळताना हात धुऊन कोरडे करा. पातळ कागदाला हातमोजे नकोत, बोटांना अंदाज येत नाही आणि पान फाटतं. फोटो आणि निगेटिव्हला मात्र नायट्राइलचे मोजे घाला, बोटांचं तेल त्यांवर डाग धरतं.

चिकट अल्बम: वरचं प्लास्टिक सावकाश सोला. फोटो सहज उचलला गेला तर ठीक. नाही गेला तर मेण नसलेला दातांचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा पुढेमागे फिरवत न्या, फोटो वाकू देऊ नका. केस वाळवण्याचं यंत्र वापरायचा सल्ला सगळीकडे मिळेल. तो टाळा, उष्णतेने गोंदाबरोबर फोटोचा थरही मऊ पडतो. दोऱ्यानेही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा आणि तिथेच थांबा.

काचेला चिकटलेले फोटो ओढून काढू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओलाव्याने तो काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेवरूनच फोटो घ्या: दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड, म्हणजे काचेत प्रतिबिंब पडत नाही.

रिझोल्यूशन मूळ फोटोच्या आकारावर ठरवा. ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात, एवढं पुस्तिकेला भरपूर. २ × ३ इंची छोटा फोटो १२०० डीपीआयने करा, तेवढेच पिक्सेल येतात. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह ३२०० डीपीआयच्या आसपास, तीही फिल्मसाठी वेगळा दिवा असलेल्या स्कॅनरवर. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, डाग आणि पिवळेपणा नंतर वेगळा काढता येतो. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार) ठेवा. ४ × ६ चा ६०० डीपीआयचा फोटो साधारण २६ एमबी होतो. जेपेग प्रत्येक वेळी बदल करून जतन केला की थोडा थोडा खराब होतो, म्हणून ती फक्त पाठवायची प्रत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग क्रमांक, मग पुढची बाजू की मागची. वर्ष माहीत नसेल तर चार शून्यं. नावात रोमन अक्षरं, अंक आणि खालची रेघ एवढंच ठेवा. देवनागरी नावं काही जुन्या उपकरणांवर चौकोन होऊन बसतात.

आता वही. माझ्या मते तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू हीच आहे. मुखपृष्ठापासून मागच्या आवरणापर्यंत, कोरी पानंसुद्धा धरून, क्रमाने घ्या. सुटलेल्या पानांवर आधी पेन्सिलने क्रमांक. पानांत चिठ्ठी, पाकळी, पावती काही असेल तर ते जागेवर असताना एक फोटो आणि काढून एक. कुठल्या पानाचे कोपरे सर्वात मळलेले आहेत, कुठे ओळ खोडून पुन्हा लिहिली आहे, कुठे शाई बदलली आहे हे टिपून ठेवा. रोज कुठलं पान उघडलं जायचं ते त्यावरून कळतं, आणि प्रार्थनेला सोबत बसणाऱ्यांच्या सांगण्याशी ते ताडून बघता येतं. वही स्कॅनरवर उताणी दाबू नका, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना आधार देऊन ९० ते १२० अंशांत उघडा आणि वरून फोटो घ्या. फिकी शाई रंगीत मोडमध्येच टिपा, करड्या मोडमध्ये शाई आणि कागदावरचे डाग एकाच छटेत मिसळतात.

लॅमिनेशन कधीही नको. चिकटपट्टीही नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागद धरून अलगद सरकवत काढा. वर्तमानपत्रातली कात्रणं फोटोंना टेकवून ठेवू नका, त्या कागदातलं आम्ल शेजारी उतरतं. ठेवायला आम्लमुक्त कागदाची पाकिटं किंवा पॉलिएस्टर, पॉलिप्रोपिलीनची. पीव्हीसी नको. पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहील अशी जागा बघा.

डिजिटल प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. नातेवाइकांकडून फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं स्पष्ट सांगा. चॅटवर साधा फोटो म्हणून आला की तो आकसतो आणि आतली तारीखही पुसली जाते.

---

फीत_आणि_आवाज

कॅसेट प्लेअरमध्ये घालण्याआधी या क्रमाने तपासा.

वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या मोडलेल्या आहेत का बघा. नसतील तर मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड किंवा बुरशी दिसली तर ती कॅसेट चालवू नका, ती प्लेअरमधून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या. फितीच्या मागे नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो गळालेला असेल तर आवाज क्षीण आणि डळमळीत येतो. अशा वेळी फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात हलवावी लागते.

प्लेअरचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि फिरता धातूचा दांडा ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसा. पूर्ण वाळू द्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचा ताण सारखा होतो. पहिल्याच वेळी नीट उतरवा. जुनी फीत किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो.

जोडणी: प्लेअरच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणारं छिद्र) यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी) लाइन-इनमध्ये. लाइन-आउट नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून, आवाज मध्यम ठेवून. संगणकाच्या माइकच्या छिद्रात देऊ नका, आवाज फाटतो. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, वर जाऊन कापला गेलेला आवाज परत येत नाही. स्टिरिओत एका तासाला सुमारे १ जीबी लागते. सी-६० कॅसेटच्या एका बाजूला ३० मिनिटं, सी-९० च्या एका बाजूला ४५. दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालू द्या. मधे दहा मिनिटं शांतता असली तरी, पुष्कळदा नंतर काहीतरी असतं.

मूळ फाइल तशीच ठेवा आणि खरखर काढायचं काम प्रतीवर करा. खरखर फार काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि श्वास, खाकरणं, शब्दांआधीचा थांबा सगळं जातं. प्रार्थना म्हणतानाचा माणसाचा श्वास काढून टाकायचा नसतो. थोडी खरखर राहू द्या.

---

कोरी_वही

खूप उपयोगी. एका कॅसेटवर आवाज दबका येतो, शब्द कळतात पण धार नाही. शिवाय लिखाणाचा प्रश्न उरतोच. श्रद्धेबद्दल लिहिलेलं प्रवचनासारखं होऊ नये, आणि सेवेबद्दलचं सत्काराच्या भाषणासारखं.

---

फीत_आणि_आवाज

दबका आवाज बहुतेक वेळा हेड तिरकं असल्यामुळे येतो. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा, एकदम पाव फेऱ्याहून कमी, दोन्हीकडे फिरवून बघा. "स", "श" हे जिथे सर्वात स्वच्छ ऐकू येतील ती जागा बरोबर. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. डॉल्बीचं (खरखर कमी करणाऱ्या सोयीचं) बटण चालू असेल तर बंद करून ऐका. साध्या रेकॉर्डिंगला डॉल्बी लावली तरी आवाज असाच दबतो.

---

मुद्रितशोधक

लिहिण्याआधी कालपट करा. चार रकाने: तारीख, घटना, आधार, खात्री. खात्रीच्या तीन पायऱ्या पुरतात: कागद आहे, दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलं, एकाच माणसाने सांगितलं. दोन भावंडांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे दोन पुरावे झाले असं धरू नका, दोघांनीही ती आजोबांच्याच तोंडून ऐकलेली असू शकते. साल आठवत नसेल तर पक्क्या घटनेला बांधून विचारा: थोरलीच्या लग्नाआधी की नंतर, घर बदलल्यावर की आधी. तारखा लिहिताना महिन्याचं नाव अक्षरात लिहा, ३-४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा घोळ पुढच्या पिढीकडे जायला नको. जन्मतारखेचे दोन कागद जुळत नसतील तर दोन्ही द्या आणि कुठली कुठून आली ते लिहा.

मग शब्द. नियम एकच: प्रत्येक विशेषणामागे एक कृती उभी करा, नाही सापडली तर विशेषण खोडा. नमुना म्हणून रचलेली ही वाक्यं बघा.

कच्चं: "ते अत्यंत श्रद्धाळू आणि सेवाभावी होते."

पक्कं: "पहिल्या तीन प्रार्थना त्यांना पाठ होत्या, तरी वही समोर उघडी असे. आजारी माणसाकडे जाताना औषधाची वेळ आधी विचारून घेत आणि तेव्हाच पोचत, म्हणजे त्याला आपल्यासाठी वेगळं उठून बसावं लागू नये."

दुसऱ्यात श्रद्धा हा शब्द नाही, सेवा हा शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला दोन्ही दिसतात.

श्रद्धेच्या भागात धर्माची शिकवण समजावत बसू नका. त्यांनी काय केलं, ते कोणाकडून आलं, त्यासाठी काय सोडलं, कठीण काळात त्याचं काय झालं, एवढं लिहा. शंकेचा काळ येऊन गेला असेल आणि त्याचा आधार असेल तर तो घ्या. ज्याला कधीच प्रश्न पडला नाही असा माणूस वाचणाऱ्या नातवंडांना परका वाटतो. वहीतला मजकूर देताना त्यांचं शुद्धलेखन सुधारू नका आणि छापील प्रार्थनेशी जुळवून शब्द बदलू नका. ते ज्या रूपात म्हणत होते ते रूप हेच आहे. शेजारी मूळ पानाचं छायाचित्र द्या.

अवतरणचिन्हांत फक्त तेच घाला जे पत्रात किंवा रेकॉर्डिंगमध्ये आहे. बाकीच्याला "असं म्हणत, असं धाकटे काका सांगतात" एवढं पुरे. आठवणीतलं वाक्य अवतरणचिन्हांत गेलं की दहा वर्षांनी ते त्यांचं अधिकृत वचन होऊन बसतं.

सेवेच्या भागात "शेकडो लोकांना मदत केली" लिहिण्याचा मोह होतो. तुमच्याकडे नोंदवह्या आहेत, त्या मोजा. किती पानं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत, मधली कुठली वर्षं गहाळ. संस्थेसोबत काम केलं असेल तर तिथली इतिवृत्तं आणि वार्षिक अहवाल बघायला मागा, तारखा तिथे बिनचूक मिळतात. मात्र ज्यांना मदत झाली त्यांची नावं, आजार, कर्ज, घरची अडचण त्यांच्या किंवा त्यांच्या वारसांच्या संमतीशिवाय छापू नका. नाव गाळलं तरी छोट्या वस्तीत दोन खुणांवरून माणूस ओळखू येतो, तेव्हा खुणाही सैल करा. आजोबांनी एखादं दान गुप्त ठेवलं असेल तर मदत कुठल्या प्रकारची होती तेवढं सांगा, कोणाला केली ते त्यांच्याप्रमाणे तुम्हीही मनातच ठेवा.

मजकूर किती लागेल: ४८ पानांतली सहा शीर्षक, अनुक्रम, वंशवेल यांत जातात. उरलेल्या ४२ पैकी तिसरा हिस्सा फोटोंना दिला तर २८ पानं लिखाणाची. ए-५ पानावर १२ पॉइंटमध्ये साधारण २२० शब्द धरले तर सुमारे सहा हजार शब्द. त्याच्या दुप्पट आधी लिहा आणि कापा. घरातले वाद, वाटण्या या गोष्टी मी घेणार नाही.

---

ऐकणारा_कान

वाटण्यांबद्दल सहमत. पण त्यांचा तापट स्वभाव, शिस्त, मुलांना वेळ कमी देणं असं काही एकाहून जास्त जण सांगत असतील तर ते गाळू नका. मुलांना ते आठवतंच. पुस्तिकेत त्याचा मागमूस नसला की बाकीच्या पानांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. एक परिच्छेद, साध्या शब्दांत, ज्यांनी सांगितलं त्यांना दाखवून. आणि आजीचं स्वतंत्र प्रकरण करा, "सौभाग्यवतींची साथ" अशा एका ओळीत तिला बसवू नका.

---

मुद्रितशोधक

मान्य. तो परिच्छेद शेवटी नको, मधे घ्या. शेवटी आला की तो निकाल वाटतो.

---

छपाईघर

छपाईचं थोडक्यात.

मधे पिना मारून बांधायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. ४८ उत्तम. ६४ च्या पुढे गेलात तर पिनांऐवजी चिकट बांधणी घ्या, नाहीतर मधली पानं बाहेर सरकतात आणि कापताना कडेचा मजकूर जातो. आतला समास १८ ते २० मिलिमीटर. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा भाग. आतला कागद ९० ते १०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन), आवरण २५० ते ३०० जीएसएम. टिकाऊ हवी असेल तर आम्लमुक्त कागद मागा, आयएसओ ९७०६ हे त्याचं मानक.

फोटो छापील आकाराला ३०० डीपीआय हवा. म्हणजे २ × ३ इंची फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला असेल तर ४ × ६ इंचापर्यंत छापता येतो, त्याहून मोठा नाही. तपकिरी छटेचे जुने फोटो फक्त काळ्या शाईत छापले तर ती छटा जाते. ती हवी असेल तर ती पानं रंगीत घ्या आणि एकत्र आणा, खर्च कमी होतो.

अक्षरं युनिकोडमध्येच. टिरो देवनागरी मराठी या टंकात "ल" आणि "श" मराठी वळणाचे येतात. काही टंकांत भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळण येतं. इनडिझाइन हा पानं मांडायचा प्रोग्रॅम वापरणार असाल तर परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते. "दुसऱ्या", "वाऱ्यावर" असे शब्द एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात चिकटवताना मोडतात, ते शोधून एकेक तपासा. पीडीएफ करताना टंक आत बसवा, आणि जपून ठेवायची प्रत पीडीएफ/ए या दीर्घकाळ जपणुकीसाठीच्या प्रकारात काढा. वयस्कर वाचक असतील तर १२ ऐवजी १३ पॉइंट घ्या, मग शब्द त्या मानाने कमी करावे लागतील.

सगळ्या प्रती छापण्याआधी एक प्रत छापून घ्या आणि तिघांना द्या: नावं-नाती पाठ असलेला एक, भाषा तपासणारा एक, आणि आजोबांना कधीच न भेटलेला एक. "हे कोण?" असं तिसरा जिथे विचारेल तिथे वाक्य अपुरं आहे. फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार. न ओळखलेल्या चेहऱ्याला "ओळख पटलेली नाही" असं लिहा. अंदाजाने नाव घातलं तर पुढे कोणी ते तपासत नाही.

---

कोरी_वही

शेवटचा प्रश्न. धूसर फोटो एआयने स्वच्छ करून रंगीत करून मिळतात. आजोबांचा तरुणपणीचा एकच गटफोटो आहे, चेहरा फार लहान आहे. वापरावं का?

---

जपणूक

मुखपृष्ठासाठी मोह होईल, पण नको. चेहरा फोटोत ३०-४० पिक्सेलचा असेल तर तिथे डोळ्यांची, ओठांची माहितीच नसते. प्रोग्रॅम ती दुसऱ्या असंख्य चेहऱ्यांवरून रचतो. दिसतो तो स्वच्छ चेहरा आजोबांचा नसतो, त्यांच्यासारख्या कोणाचा तरी असतो. पुढच्या पिढीने त्यांना पाहिलेलंच नाही, त्यामुळे तिला तोच खरा वाटेल. रंगांचंही तेच, कपड्यांचा रंग निव्वळ अंदाज असतो.

धूळ, ओरखडे काढणं, फिकेपणा सावरणं एवढं जरूर करा, तेही प्रतीवर, चेहऱ्याचा भाग सोडून. त्या गटफोटोची मूळ निगेटिव्ह कोणाकडे आहे का ते फोटोतल्या इतरांच्या घरी विचारा. तीच प्रत त्यांच्याकडेही असण्याची शक्यता असते आणि कधी ती आकाराने मोठी निघते. नसेल तर प्रत १२०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करा, पूर्ण फोटो पानभर छापा आणि खाली लिहा: "मागची रांग, उजवीकडून दुसरे."